मटण खुशाल म्हणा, कोर्ट मराठीत आणा

27 फेब्रुवारी जवळ आला की घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते: मराठीतून कोणते इंग्रजी शब्द हाकलायचे. 'टेबल' नको, 'मेज' म्हणा. मेज तरी कुठे आपला, तो फारसीतला! यादी करणाऱ्यांची तळमळ खरी आहे. पण इंग्लंडमध्ये राहून माझं मत पक्कं झालंय, की आपण जोर भलतीकडेच लावतोय.

इथे कुरणात चरते ती शीप, ताटात येतं ते मटन. तसंच काऊचं बीफ आणि पिगचं पोर्क. 1066 मध्ये फ्रान्सकडच्या नॉर्मंडीच्या विल्यमने हा देश जिंकला आणि दरबारात फ्रेंच आली. जनावरांची नावं इंग्रजी राहिली, मांसाची फ्रेंचमधून आली. (ही वाटणी पक्की व्हायला पुढे कित्येक शतकं गेली.) म्हणजे आपण खाटकाकडे मागतो ते मटणही मूळचं फ्रेंच, आपल्याकडे येऊन ते बोकडाचं झालं. उलट इंग्रजीतला 'मंगूस' हा आपला मुंगूस.

जज, ज्युरी, प्रिझन हेही फ्रेंचमधूनच आलेले. सोळाव्या शतकात केंब्रिजच्या जॉन चीक यांनी बायबलच्या भाषांतरात परके शब्द टाळून पाहिले. 'क्रूसिफाइड'च्या (क्रुसावर चढवलेला) जागी त्यांनी 'क्रॉस्ड' घातला. तो काही रुजला नाही.

इंग्रजीला बळ मिळालं ते वेगळ्याच वाटेने. 1362 मध्ये कायदा झाला, की कोर्टातले युक्तिवाद इंग्रजीत व्हावेत. कारण सरळ होतं: ज्याच्यावर खटला चालतो त्याला फ्रेंच कळत नाही. तो कायदाही फ्रेंचमध्येच लिहिलेला होता! कोर्टाची दप्तरं मात्र लॅटिनमध्ये राहिली. ती कायमची इंग्रजीत यायला 1733 उजाडलं.

आता आपलं बघा. जमिनीच्या वादात मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेलेला शेतकरी मागच्या बाकावर बसतो, त्याच्याच सात-बाऱ्यावर इंग्रजीत वाद चालतो आणि काय झालं ते त्याला बाहेर आल्यावर वकिलाकडून कळतं. संविधानाच्या 348व्या कलमात वाट आहे. राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यपाल उच्च न्यायालयाच्या कामकाजात राज्याच्या भाषेला परवानगी देऊ शकतात. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, बिहार यांनी हिंदीसाठी ती मिळवली आहे. मराठीसाठी ती मिळवायला हवी, आणि व्हॉट्सॲपवरच्या त्या यादीत पहिल्या ओळीवर ही मागणी असायला हवी. टेबल राहू द्या तिथेच.