विमानाच्या धातूचं कडं आणि मावशीचं मनगट

आठवडाभर माझ्या मावशीच्या मनगटावर लाल, खाजरं पुरळ आहे. दांडिया बाजारातल्या तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: विमानाच्या इंजिनातल्या निकेल मिश्रधातूचं कडं घाला, तो तीन हजार अंशांतही वितळत नाही, अंगाला बाधत नाही, सांधेदुखी ओढून घेतो, आणि आपल्या बडोद्यात होणारी विमानं त्याचीच असतात. तिने कडं मागवलं. मी कलाभवनात, म्हणजे बडोद्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, धातुशास्त्र शिकलेली, आणि मला हे कळलं पुरळ उठल्यावर!

'अंगाला बाधत नाही' हे आधी घेते, कारण इजा त्यानेच केली. धातूंच्या ॲलर्जीत सर्वांत जास्त आढळते ती निकेलचीच. घामात निकेल थोडं थोडं विरघळतं, कातडीत उतरतं, आणि शरीराने एकदा त्याच्याशी वैर धरलं की ते सहसा जन्मभर सुटत नाही. मग कानातलं, घड्याळाचा पट्टा, पँटचं बटण, काहीही पुरतं. युरोपीय संघाने १९९४ साली यासाठी नियमच केला. कातडीला सतत लागून राहणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमहून जास्त निकेल सुटता कामा नये. बाधतच नसतं, तर इतकी बारीक मर्यादा कशाला घातली असती? मावशीचं कडं मी डायमिथिलग्लायॉक्झिम (निकेल ओळखणारं रसायन) आणि अमोनियात भिजवलेल्या कापसाने पुसलं. कापूस गुलाबी झाला. म्हणजे निकेल सुटतंय.

निकेल असलेली प्रत्येक वस्तू बाधते असं नाही, एवढं मान्य. चांगल्या स्टीलच्या डब्यातही ८ टक्क्यांच्या आसपास निकेल असतं, पण क्रोमियमच्या ऑक्साइडचा पातळ थर ते आत धरून ठेवतो. या कड्यावर तसा थर असता तर कापूस पांढराच राहिला असता.

तीन हजार अंश? शुद्ध निकेल १४५५ अंश सेल्सिअसला वितळतं. जेट इंजिनांत सर्रास वापरला जाणारा निकेल मिश्रधातू इन्कोनेल ७१८ तर १२६०च्या आसपासच वितळू लागतं. आधुनिक टर्बाइनमध्ये शिरणारा वायू याहून तापलेला असतो. तिथली पाती टिकतात ती त्यांच्या पोटातून खेळवलेल्या थंड हवेमुळे आणि वरच्या सिरॅमिकच्या लेपामुळे. या मिश्रधातूंचा खरा मोठेपणा निराळा आहे: लालबुंद तापलेले असताना, प्रचंड वेगाने फिरतानाही ते सहजी ताणले जात नाहीत. निकेल-ॲल्युमिनियमचे अतिसूक्ष्म कण आतून पाचरीसारखे अडून राहतात म्हणून. मनगटावर त्याचा काय उपयोग?

बडोद्याचं म्हणाल, तर सी-२९५ या लष्करी वाहतुकीच्या विमानाच्या कारखान्याचं उद्घाटन ऑक्टोबर २०२४मध्ये झालं हे खरं. निकेल मिश्रधातू त्या विमानाच्या इंजिनांतल्या तापणाऱ्या भागांत असतात; सांगाडा मुख्यतः ॲल्युमिनियमचा.

सांधेदुखी ओढून घेण्याला काहीही आधार नाही. मावशीने मात्र कडं आल्यावर गुडघ्याच्या गोळ्या बंद केल्या होत्या. डॉक्टरांशी बोलून त्या कालपासून पुन्हा सुरू केल्या आहेत. मंडळातल्या आणखी कुणी ते कडं मागवलं असेल, तर आधी काढून ठेवा आणि मला कळवा. कापूस आणि बाटली घेऊन मी घरी येते.