न बांधलेलं म्युझिक सेंटर

बीबीसीचं म्युझिक सेंटर, म्हणजे वाद्यवृंदाच्या तालमीची आणि ध्वनिमुद्रणाची इमारत, लंडनच्या व्हाइट सिटीत उभं राहायला हवं होतं. त्याची चित्रं मी अजूनही अधूनमधून काढून बघते आणि दर वेळी तेवढंच वाईट वाटतं.

२००३ मध्ये या इमारतीच्या आराखड्याची स्पर्धा जिंकली फॉरेन ऑफिस आर्किटेक्ट्सने, म्हणजे फर्शीद मुसावी आणि अलेहांद्रो झाएरा-पोलो या जोडीने. जपानमधल्या योकोहामाच्या बंदरावरचं त्यांचं प्रवासी टर्मिनल नुकतंच, २००२ मध्ये, पुरं झालं होतं. तिथे आपण चालत राहतो आणि पायाखालची जमीन कधी छप्पर झाली ते कळत नाही. व्हाइट सिटीतही तीच ओढ दिसते. एक रुंद पट्टी जमिनीलगत निघते, उभी राहून भिंत होते, वळून छप्पर होते आणि पुन्हा खाली उतरते. तिच्या वळशांमध्ये स्टुडिओ. पट्टीच्या कडा मोकळ्या राहतात, तिथे काच. बाहेरून जाणाऱ्याला आतली ऑर्केस्ट्राची तालीम दिसावी म्हणून.

माझा जीव अडकलाय तो या काचेत. ध्वनिमुद्रणाच्या खोलीला मोठी काच लावणं हे धाडसच. बसचा, ट्रकचा खर्जातला आवाज अडवायला वजन लागतं. म्हणून असे स्टुडिओ खोलीच्या आत दुसरी, रबराच्या किंवा स्प्रिंगच्या आधारावर तरंगती खोली करून बांधतात. काच लावायची तर ती जाड आणि दुहेरी हवी, मध्ये पुरेशी पोकळी हवी. शिवाय व्हायोलिनचे वरचे स्वर काचेवरून टणकन परत येतात, ते कुठे वळवायचे हेही बघावं लागतं. खर्च वाढतो, मान्य. पण हे प्रश्न सुटणारे आहेत.

आणि सोडवायला हवेच होते, कारण बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्रा तेव्हा लंडनच्याच मेडा व्हेल भागातल्या स्टुडिओंमध्ये होता. ती वास्तू मुळात विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, रोलर स्केटिंगसाठी बांधलेली. १९३४ पासून तिथे बीबीसीचे स्टुडिओ. तिथे थोर काम झालं, 'डॉक्टर हू' या टीव्ही मालिकेचं शीर्षकसंगीत १९६३ मध्ये तिथल्याच रेडिओफोनिक वर्कशॉपमध्ये, म्हणजे बीबीसीच्या इलेक्ट्रॉनिक ध्वनींच्या विभागात, घडलं. पण राहत्या घरांच्या गल्लीतली ती लांबलचक, बुटकी इमारत बाहेरून काहीच सांगत नाही. टीव्हीसाठी भरलेल्या ज्यांच्या लायसन्स फीवर हा वाद्यवृंद चालतो, त्यांना तो काम करताना रस्त्यावरून दिसावा, ही अपेक्षा मला अगदी रास्त वाटते.

बीबीसीने पुढे हा बेत सोडून दिला. २०१८ मध्ये मेडा व्हेल सोडायचंही जाहीर केलं आणि नव्या स्टुडिओंसाठी पूर्व लंडनमधलं स्ट्रॅटफर्ड निवडलं. मधली पंधरा वर्षं वादक जुन्याच जागेत वाजवत राहिले. व्हाइट सिटीचा खर्च जास्त होता असं म्हणणाऱ्यांनी ही वर्षंही हिशेबात धरावीत.

आर्किटेक्चर शिकणाऱ्यांनी हा आराखडा जरूर शोधून बघा. आधी छेद, म्हणजे इमारत उभी कापल्यावर आतून कशी दिसेल ते चित्र, बघा, दर्शनी चित्र नंतर.