कोरमपुरता माणूस

सार्वजनिक जीवनाशी माझा संबंध वर्तमानपत्राच्या रुंदीइतका. सकाळी ते उघडायचं, मोठ्याने वाचायचं, "या लोकांना काही अक्कल आहे का?" असं समोरच्या भिंतीला विचारायचं आणि घडी घालून ठेवून द्यायचं. 'हे लोक' म्हणजे नेमके कोण, ते मी कधी ठरवलं नव्हतं. ठरवलं की चिडायला माणसं कमी पडतात.

असं सुरळीत चाललेलं असताना एके दिवशी दाराखालून एक पत्रक सरकलं. 'नागरिक संवाद सभा. आपलं मत महत्त्वाचं आहे. जरूर या.' सवयीने मी तेही मोठ्याने वाचलं आणि तिथेच चुकलो.

"जा की मग," बायको म्हणाली. "भिंतीचे कान किटलेत."

मी गुडघा पुढे केला, मग आभाळ, मग एक महत्त्वाचं काम. काम कोणतं, असं तिने विचारल्यावर पुन्हा गुडघ्यावर आलो.

जुन्या अथेन्समध्ये माझ्यासारख्यांची सोय केलेली होती. तिथली नागरिकसभा प्निक्स नावाच्या टेकडीवर भरायची आणि लोक खाली बाजारात गप्पा छाटत उभे असायचे. मग लाल रंगात बुडवलेला लांब दोर दोन्ही बाजूंनी ताणून धरायचा आणि सगळ्या घोळक्याला टेकडीकडे हाकायचं. अंगरख्यावर लाल डाग दिसला की हा रेंगाळत होता, हे गावाला कळायचं. महत्त्वाच्या काही ठरावांना 6000 माणसांचा कोरम लागे, दोर ओढणाऱ्यांचा तरी काय इलाज! एवढं करूनही लोक येईनात, तेव्हा हजेरीचे पैसे सुरू झाले. आधी एक ओबोल, मग थोड्याच वर्षांत तीन. लोकशाहीच्या जन्मगावची ही कथा वाचल्यापासून मला माझ्या आळसाबद्दल एक प्रकारचा अभिजात अभिमान वाटू लागला होता. पण आमच्या घरी दोर लागत नाही. "छत्री घेऊन जा," एवढं वाक्य पुरतं.

सभागृहात साठ खुर्च्या होत्या आणि चौदा माणसं. चौदाही शेवटच्या दोन रांगांत. याला लोक विनय समजतात, पण तो दाराशी जवळीक ठेवण्याचा प्रकार असतो. सभा चालवणारी मुलगी तिशीच्या आतली, हसतमुख आणि न चिडण्याचं प्रशिक्षण घेतलेली दिसत होती. "पुढे या ना," ती म्हणाली. आम्ही सगळे एकेक रांग पुढे सरकलो. तिने क्षणभर आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण असं करू, खुर्च्या गोलात मांडू."

गोलाला शेवटची रांग नसते. ही गोष्ट मला त्या दिवशी प्रथम कळली.

मग ओळखी. आपलं नाव सांगायचं आणि आपण प्राणी असतो तर कोणता असतो, तेही सांगायचं. पन्नाशी उलटलेल्या माणसाने हा विचार कधी करावा? मी घाईघाईत "कासव" म्हणालो. माझ्या शेजारच्यांनीही कासवच सांगितलं आणि त्यांच्या शेजारच्यांनीही. सार्वजनिक जीवनात परतायला निघालेली तीन कासवं एका ओळीत बसली होती. चौथे गृहस्थ म्हणाले, "मी निवृत्त आहे," आणि खाली बसले. तेही उत्तर धरलं गेलं.

प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं होती. अशा प्रत्येक सभेत एक फाइलवाले काका असतात, आमच्यातही होते. दोन मिनिटांत त्यांचा घसा साफ व्हायचा. अथेन्सच्या न्यायालयात वक्त्यासमोर पाणघड्याळ ठेवत. वरच्या भांड्यातलं पाणी खालच्या भांड्यात गळून संपलं की भाषण संपलं. तिथल्या उत्खननात सापडलेलं एक भांडं सुमारे 6 मिनिटांत रिकामं होतं. आमच्याकडे मोबाइलचा गजर होता. तो वाजला तेव्हा काकांनी हात वर करून, कोणाचा तरी फोन वाजतोय तो बंद करा, असं बजावलं आणि पुढचं पान उलटलं.

तेवढ्यात दोघंजण एकदम बोलू लागले, तिसऱ्याने त्या दोघांना गप्प बसवायला आवाज चढवला आणि मला त्या मुलीची काळजी वाटू लागली. हेन्री रॉबर्ट नावाच्या अमेरिकन लष्करी इंजिनिअरला 1863 मध्ये न्यू बेडफर्डच्या एका चर्चमध्ये अचानक सभेचं अध्यक्षपद दिलं गेलं. सभा कशी चालवतात याचा त्याला पत्ता नव्हता. सभेचा असा विचका झाला की, नियम कळल्याशिवाय पुन्हा कुठल्या सभेत पाऊल टाकायचं नाही, असं त्याने ठरवलं आणि शेवटी 1876 मध्ये सभाशास्त्राचं नियमांचं पुस्तकच छापलं. एका फसलेल्या संध्याकाळीला तेरा वर्षं लागली. ही मुलगी मात्र फक्त हसली आणि म्हणाली, "आता आपण लिहू या."

आम्हाला स्टिकी नोटची दोन दोन पुडकी मिळाली. पिवळ्यावर समस्या, हिरव्यावर उपाय. वेळ दहा मिनिटं.

पिवळ्या चिठ्ठ्यांवर मी तुटून पडलो. इतक्या वर्षांची सकाळची तालीम कामी आली. सहा मिनिटांत सतरा! शेजारचं कासव माझ्याकडे आदराने बघू लागलं. मग मी हिरवं पुडकं पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

"काका, हिरवी एकही नाही?" मुलगी शेजारी येऊन बसली.

"विचार करतोय."

तिने माझी सगळ्यात वरची पिवळी उचलली. पदपथ उखडलेला. "याचं काय करायचं?"

"दुरुस्त करायचा."

"फरश्या झाडाच्या मुळांनी उचलल्यात. झाड काढायचं?"

"छे! झाड कसं काढायचं?"

"मग पदपथ अरुंद करायचा? की वळवायचा? वळवला तर रस्त्याची जागा जाईल."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा वर्षं मी त्या पदपथावर संतापत होतो आणि संतापायला ज्याच्या सावलीत उभा राहायचो, ते हेच झाड, हे मला ठाऊक नव्हतं. तक्रारी माझ्याकडे ढीगभर होत्या. मत मात्र कोणी कधी मागितलंच नव्हतं आणि आता मागितलं तर घरात सापडेना.

पुढे गट पाडले. आमच्या गटाकडे सांडपाण्याचा नवा आराखडा आणि बागेतल्या बाकांचा रंग, असे दोन विषय आले. आराखडा आम्ही एकमताने मान्य केला, कारण तो कोणालाच कळला नाही. मग बाक. पार्किन्सन या इंग्रज इतिहासकाराने 1957 मध्ये लिहून ठेवलंय की समिती अणुभट्टी अडीच मिनिटांत मंजूर करते आणि सायकलींच्या छपरावर पाऊण तास भांडते. त्यांच्या हिशोबात आम्ही कुठेही कमी पडलो नाही. आणि इथे, सांगायला लाज वाटते, माझा गळा मोकळा झाला. बाक तपकिरीच हवेत, यासाठी मी उभा राहिलो. हिरव्या रंगाला पाठिंबा देणाऱ्या बाई मला त्या घटकेला समाजाच्या शत्रू वाटल्या.

शेवटी मतदान. स्वित्झर्लंडच्या अ‍ॅपेनझेल इनरऱ्होडेनमध्ये दरवर्षी एप्रिलमध्ये लोक भर चौकात जमून हात वर करून कौल देतात. पुरुषांना मतदाराची खूण म्हणून कमरेची तलवारही चालते. (बायकांना त्या चौकात उभं राहायला 1991 उजाडलं, तेही न्यायालयाने बजावल्यावर.) आम्हाला प्रत्येकी तीन गोल टिकल्या दिल्या. भिंतभर लावलेल्या चिठ्ठ्यांपैकी पटेल तिच्यावर टिकली चिकटवायची. वर पंखा खडखडत होता आणि त्याच्या वाऱ्याने लोकांचे प्रश्न एकेक करून गळून पडत होते. गर्दी टाळायला मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

घरी पोचलो. छत्री कोपऱ्यात ठेवायला वळलो तर मागून बायको म्हणाली, "थांबा, हलू नका." माझ्या पाठीवरून तिने काहीतरी सोललं. पिवळी चिठ्ठी होती. तिने ती माझ्याच सकाळच्या सुरात, भिंतीकडे तोंड करून वाचली. "'फार जुना झाला आहे. दिवसभर नुसता आवाज करतो, उपयोग शून्य. बदलता येत नसेल तर निदान दुरुस्त करा.'"

"तो सभागृहातला पंखा आहे," मी म्हणालो. "आपल्याविरुद्धची तक्रार त्यानेच उडवली असणार."

"पाच टिकल्या आहेत यावर," ती म्हणाली.

"पंख्यावर."

"हो, कळलं." तिने चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "म्हणजे तिथल्या यादीतून ही गेली. परत नेऊन द्यायला हवी. पुढची सभा कधी आहे?"

मी गुडघा चोळू लागलो.

"आणि उपाय कशावर लिहायचा असतो?"

मी खिशातून हिरवं पुडकं काढलं. अख्खंच्या अख्खं कोरं होतं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि पेन शोधायला आत गेली.