न खेळताच पाच तारे

रोलप्लेइंग गेमचं, म्हणजे टेबलाभोवती बसून आपापल्या पात्राची भूमिका करत फाशांवर खेळायच्या खेळाचं, चाहत्यानं लिहिलेलं परीक्षण समोर आलं की तारे मी नंतर मोजतो. आधी बघतो, लिहिणारी स्वारी खेळली आहे की नाही. शंका बाळबोध वाटेल. पण तीनशे पानांचं नियमपुस्तक हातात पडणं, ते वाचून काढणं आणि चार जणांना एकाच संध्याकाळी एकाच टेबलाभोवती बसवणं ही तीन निरनिराळी कामं आहेत (तिसरं सर्वांत अवघड), आणि पाच तारे बहुधा पहिल्या कामानंतरच पडून जातात. नुसती पानं चाळलेला माणूस मुखपृष्ठावरच्या ड्रॅगनबद्दल, बांधणीबद्दल आणि ‘समृद्ध विश्वा’बद्दल भरभरून लिहितो. खेळलेला माणूस कुरकुरतो. झटापटीचा नियम एकीकडे आणि त्याचा अपवाद शंभर पानं पुढे. शेवटच्या सूचीत ‘विष’ शोधायला जावं तर सूचीत विषच नाही. अशी कुरकूर दिसली की मी खुर्ची पुढे ओढतो. सूचीला शिव्या घालायच्या तर ती भर लढाईत, बाकीचे खोळंबलेले असताना उघडावी लागते. बसल्या जागी ती शिवी सुचत नाही.

खेळलाय हे ठरलं तरी सुटका नाही. कारण पुस्तकाचं परीक्षण असं कुणी लिहीतच नाही, लिहितात ते आपापल्या टेबलाचं. मास्टर, म्हणजे गोष्ट सांगत खेळ चालवणारा, रंगतदार असेल तर भिकार नियमही तरून जातात, कारण तो ते गुपचूप बाजूला ठेवतो. मग परीक्षणात येतं, ‘नियम कुठेच आड येत नाहीत.’ कसे येतील? वापरलेच नाहीत! उलट ‘लढाया संपता संपत नाहीत’ या तक्रारीनंतर बरंच खाली सहज उल्लेख येतो, की खेळायला सात जण होते. आता हिशेब करा. प्रत्येकाला चाल ठरवायला तीन मिनिटं, म्हणजे झाली एकवीस. मास्टरच्या राक्षसांची नऊ धरा. एक फेरी अर्ध्या तासाची, आणि साधी लढाई चार फेऱ्या चालली तरी दोन तास गेले. पुस्तकात चार-पाच खेळाडू सांगितले असतील तर हा दोष पुस्तकाचा नाही, मित्रपरिवार मोठा असल्याचा आहे. म्हणून खेळाडू किती, सेशन (म्हणजे बैठका) किती झाली, पात्रं कुठल्या लेव्हलची आणि हाउस रूल (त्या टेबलानं स्वतः केलेले नियम) कोणते, हे लिहिलेलं नसेल तर मी ताऱ्यांकडे ढुंकूनही बघत नाही. त्यातही हाउस रूल कुणी मुद्दाम लपवतं असं नाही. इतकी वर्षं वापरून त्यांना ते पुस्तकातलेच वाटायला लागलेले असतात.

‘फासे फार निर्दयी आहेत’ हे वाक्य दिसलं की मात्र कागद-पेन्सिल घ्यावी. साधे सहा बाजूंचे दोन फासे टाकायचे. बेरीज दहा किंवा जास्त आली तर काम फत्ते, सात ते नऊ आली तर काम होतं पण काहीतरी किंमत मोजून, सहा किंवा कमी आली तर मास्टर नवं संकट उभं करणार. ही पद्धत आता बऱ्याच खेळांत आहे. दोन फाशांचे एकूण निकाल 36. त्यांतले 6 पूर्ण यशाचे, 15 किंमत मोजून मिळणाऱ्या यशाचे, 15 अपयशाचे. म्हणजे कसलाही बोनस (पात्राच्या कौशल्यामुळे बेरजेत पडणारी भर) नसताना 58 टक्के वेळा काम होतंच. +2 बोनस असेल तर आकडे उलटतात, पूर्ण यश 15 वर जातं आणि अपयश 6 वर येतं. पण मास्टर वीस बाजूंच्या फाशावर वाढलेला असेल तर त्याला ‘लागला’ आणि ‘हुकला’ एवढे दोनच निकाल माहीत. तो सात ते नऊला बेधडक ‘हुकला’ म्हणतो आणि बोनस नसलेल्या पात्राचं अपयश 83 टक्क्यांवर नेऊन ठेवतो. खेळाडू बिचारे संध्याकाळभर एकच कुलूप उघडत बसतात. परीक्षणात हे कबूल कोण करणार? फक्त ‘कुलूप उघडलं नाही आणि पुढे काहीच घडलं नाही’ असं वाक्य सापडलं की समजावं. ज्या खेळात अपयशानंतर काहीतरी घडलंच पाहिजे असा नियम आहे, तिथे ‘काहीच घडलं नाही’ हा फाशाचा गुन्हा नव्हे.

काही तक्रारी तर तक्रारीच नसतात, ते खेळाचं वर्णन असतं. 1977 च्या ट्रॅव्हलर या अंतराळातल्या साहसांच्या खेळात पात्र घडवताना चार-चार वर्षांच्या नोकऱ्या करायच्या असतात आणि दर खेपेला जिवंत राहिलो का, हे फाशाला विचारायचं असतं. नोकरी वाढवली तर कौशल्यं वाढतात, म्हणून माणूस लोभाला पडतो आणि खेळ सुरू व्हायच्या आधीच गचकतो. ‘माझं पात्र पहिल्या सेशनच्या आधीच वारलं, एक तारा’ म्हणणाऱ्याला खेळ पुरता कळलाय, फक्त आवडलेला नाही. 1984 च्या पॅरानॉया या खेळात पात्राला सहा क्लोन देतात (एक मेला की पुढचा), ते काही शोभेला नाहीत. आणि तिथे मास्टरनं नियम समजावून सांगितले नाहीत म्हणून रुसण्यात अर्थ नाही, खेळाडूला नियम माहीत असणं हाच त्या खेळात राजद्रोह आहे.

जुन्या आवृत्तीच्या भक्तांबद्दल थोडक्यात. डन्जन्स अँड ड्रॅगन्स हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ 1974 चा. पुढे 1989, 2000, 2008 आणि 2014 मध्येही नव्या आवृत्त्या आल्या. दर वेळी ‘खेळाचा आत्मा हरवला’ असं लिहिणारे निघाले. एवढे आत्मे होते कुठे, कळत नाही. ‘आत्मा’ शब्द आला की तो परिच्छेद सोडून पुढचा वाचावा.

पुस्तक फुकट मिळालं म्हणून स्तुती केली, अशी शंका लोकांना फार येते. मला ती तितकी छळत नाही, फुकटचं पुस्तक निदान उघडतात तरी. पैसे आगाऊ भरून वर्षभर वाट पाहिलेला चाहता जास्त धोक्याचा. पुस्तक वाईट निघालं तर वेंधळा तोच ठरतो, म्हणून ते उत्तमच निघतं. पुस्तकाचं श्रेयनामावलीचं पान मात्र बघावं. चाचणीखेळ खेळलेल्यांच्या यादीत परीक्षकाचं नाव असेल तर त्यानं तो खेळ लेखकाच्या सोबतीनं खेळला असण्याची शक्यता आहे, आणि पुस्तकाबरोबर लेखक घरी येत नाही.

राहिला निःपक्षपातीपणा. ‘काही गोष्टी चांगल्या, काही सुधारता येतील’ हे वाक्य इतकं निःपक्ष आहे की ते कुठल्याही खेळाला लागतं. त्यापेक्षा चिडलेला माणूस बरा. ‘नकाशे नाहीत, राक्षसांची यादी नाही, मास्टरला तयारीला काही ठेवलेलंच नाही, दोन तासांत सगळं आटोपतं. एक तारा!’ तयारीला वेळ नसलेल्या मास्टरला याहून चांगली शिफारस कोण लिहून देणार? अन्याय शंभर टक्के, पण माहिती खणखणीत. आणि ‘ठीकठाक’ म्हणून तीन तारे देणारा, खाली बारीक अक्षरांत ‘पुढच्या महिन्यापासून याचंच दुसरं कॅम्पेन (अनेक बैठकांची सलग मोहीम) सुरू करतोय’ म्हणत असेल तर मी ते पुस्तक घेतो. त्याला तारे मोजता येत नाहीत, एवढंच.