यंदा बघाच!

जुलै संपत आला की आमच्या घरात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. बाबा म्हणतात, "यंदा पाऊस उघडला की इमारत पाडायला घेतायत." मी म्हणतो, "यंदा युनायटेडचं काहीतरी होणार." आई टेबलाशी बसून वाल सोलत असते. ती दोघांपैकी कोणाकडेही बघत नाही.

आमच्या आशा जुळ्या आहेत. ठाण्याच्या नौपाड्यातली आमची तीन मजली इमारत पाडून नवी बांधायची, असा ठराव सोसायटीने 2013 मध्ये केला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन मँचेस्टर युनायटेड या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या मॅनेजरपदावरून निवृत्त झाले. तेव्हापासून 2025 च्या ऑगस्टपर्यंत आमच्याकडे तीन बिल्डर येऊन गेले आणि त्यांच्याकडे कायमचे म्हणून नेमलेले सहा मॅनेजर. प्रत्येकाने आल्या आल्या नकाशा पसरला. बिल्डरच्या नकाशात सातव्या मजल्यावर बाग होती, सहाव्या मॅनेजरच्या नकाशात मागे तीन बचावपटू होते. कागदावर दोन्ही फार छान दिसतं. आणि दोन्हीकडे गळतं. 2024 च्या मे महिन्यात आर्सेनलच्या सामन्यानंतर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानाच्या छपरातून असं पाणी कोसळलं की येऊरचा ओढा आठवावा. आम्ही निदान खाली बादली ठेवतो.

हे दुखणं मला लागलं 26 मे 1999 च्या रात्री. मी तेरा वर्षांचा, शाळेला सुट्टी, मुक्काम वर्तकनगरला मामाकडे. चॅम्पियन्स लीग या युरोपातल्या क्लबांच्या सर्वांत मोठ्या स्पर्धेची फायनल बार्सिलोनात, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. बायर्न म्युनिकने सहाव्याच मिनिटाला गोल केला आणि त्यानंतर युनायटेडला काही म्हणजे काही जमेना. पंच्याऐंशीव्या मिनिटाला मामा उठला. "गेली रे मॅच. टीव्ही बंद करून झोप," म्हणाला आणि आत गेला. मी बसून राहिलो. त्यात निष्ठा वगैरे काही नव्हती, ताटलीत आंब्याची कोय उरली होती. नव्वद मिनिटं संपली. इंज्युरी टाइममध्ये, म्हणजे वाया गेलेल्या वेळेच्या भरपाईत, बेकहॅमचा कॉर्नर, शेरिंगहॅमचा गोल. मी कोय तोंडातून काढतोय तोवर पुन्हा बेकहॅमचा कॉर्नर, आणि सोल्शारचा गोल! 2-1. सकाळी मामाने मला आधी वेड्यात काढलं, मग पेपर आणवला आणि मग दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही.

त्या रात्री डोक्यातला एक स्क्रू जो ढिला झाला तो झालाच. कुठलीही गोष्ट संपली असं मला वाटतच नाही. दहावीला बाईंनी पेपर ओढून घेतला तेव्हा मी भूमितीचं प्रमेय लिहीत होतो. ठाण्याहून सुटलेल्या फास्ट लोकलचे चार डबे पुढे गेले तरी मी फलाटावरून धावत असतो. बायकोच्या वडिलांनी दिलेला पहिला नकार मी हाफटाइमचा स्कोअर समजलो होतो. तो सामना मात्र काढला.

फर्ग्युसन म्हणजे एकत्र कुटुंबातला कर्ता पुरुष. सव्वीस वर्षं दुकान चालवलं, इंग्लिश लीगची तेरा विजेतेपदं आणली, क्लबचा एकूण आकडा वीसवर नेऊन ठेवला आणि किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले. पुढे काय होतं ते कुठल्याही वाड्याला विचारा. पुढचे मॅनेजर डेव्हिड मॉइस यांना तर त्यांनी स्वतः निवडलं होतं. करार सहा वर्षांचा होता, पण दहा महिन्यांत गाशा गुंडाळला. त्याआधी वैतागलेल्या चाहत्यांनी वर्गणी काढून, मैदानावरून 'मॉइस नको' अशा मजकुराचा फलक ओढणारं विमान उडवलं. आमच्या सोसायटीतही सेक्रेटरींविरुद्ध बरंच बोललं जातं, पण विमानापर्यंत अजून कोणी गेलेलं नाही. वर्गणीच निघत नाही. त्यानंतरचं लीगमधलं प्रगतिपुस्तक असं: सातवा, चौथा, पाचवा, सहावा. मध्येच दोनदा दुसरा. अशा मुलाच्या बापाची अवस्था फार वाईट. मुलगा सरळ नापास होत असता तर त्याला दुकानात बसवला असता. हा तीन वर्षांतून एकदा असा काही पेपर लिहितो की क्लासची फी भरावीच लागते.

2024-25 च्या हंगामात तर कहर झाला. अडतीस सामन्यांत अठरा पराभव, बेचाळीस गुण, पंधरावा नंबर. युरोपा लीग या युरोपातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची फायनल गाठली, तिथे समोर टॉटनहॅम, म्हणजे लीगमध्ये आमच्याही खालचे. त्यांच्याशी बिल्बाओत 1-0 हरलो. आणि लिव्हरपूलने लीग जिंकून विसाव्या विजेतेपदाची बरोबरी केली. शेजाऱ्याने आपल्याच रंगाची गाडी घ्यावी तसं.

एवढ्यावर कोणीही शहाणा माणूस थांबला असता. मी जूनमध्ये तीन दिवस थांबलो. चौथ्या दिवशी लोकलमध्ये उभा असताना डोक्यात प्रकाश पडला: पंधरावे आलो, म्हणजे यंदा युरोपातल्या स्पर्धा नाहीत. म्हणजे मधल्या वारी सामने नाहीत. म्हणजे खेळाडू ताजेतवाने! मुलुंड येईपर्यंत पंधरावा नंबर हा एक दूरदृष्टीचा डाव होता, अशी माझी खात्री पटली. पुढे क्लबने कुन्या, एम्ब्युमो आणि शेश्को या तीन नव्या खेळाडूंवर मिळून जवळपास वीस कोटी पौंड खर्च केले. अमेरिकेत जाऊन सरावाच्या सामन्यांची एक छोटी स्पर्धाही जिंकली. सरावाच्या सामन्यांना काही अर्थ नसतो, हे मला माहीत आहे. आम्ही बोर्नमथला 4-1 हरवलं, हेही मला माहीत आहे.

मग नवा शर्ट आला. खरा परवडत नाही, म्हणून स्टेशनबाहेरच्या फेरीवाल्याकडून. बाबांनी चष्मा वर करून बघितलं. आमचे आजोबा गिरणीत होते. "परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनूने जीव दिला. मँचेस्टरच्या कापडाने आपले विणकर देशोधडीला लावले. आणि तू पैसे देऊन मँचेस्टर छातीवर लिहून घेतोस?"

"बाबा, हा शर्ट उल्हासनगरचा आहे."

"मग ठीक आहे," म्हणाले.

मुलीचा प्रश्न जास्त अवघड होता. ती नऊ वर्षांची आहे. "बाबा, तुझी टीम लीग कधी जिंकली होती?" मी म्हटलं, 2013. तिने बोटांवर मोजलं. "म्हणजे मी नव्हतेच. मग कशावरून?" तिच्या वर्गातली निम्मी मुलं आमच्या गाववाल्या प्रतिस्पर्ध्यांची, मँचेस्टर सिटीची आहेत. घरात संस्कार कमी पडतायत.

16 ऑगस्टला ठाण्यात दहीहंडीला दहा थर लागले. सगळं शहर माना वर करून बघत होतं. दुसऱ्या दिवशी रविवारी रात्री नऊला आमचा पहिला सामना, आर्सेनलशी. मी भारावून बसलो होतो. जिथे माणसं दहा थर लावतात तिथे तीन बचावपटू एका रांगेत उभे राहू शकणार नाहीत? तेराव्या मिनिटाला कॉर्नर, आमचा गोलकीपर गर्दीत अडकला, गोल. 0-1. तेवढाच राहिला. पुढच्या रविवारी फुलहॅमशी 1-1, त्यात आमच्या ब्रुनो फर्नांडिसने पेनल्टी आभाळात मारली. ते जाऊ दे.

खरी गोष्ट 27 ऑगस्टची. गणेश चतुर्थी. आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती. दिवसभर माणसांची रीघ, एकशे एक उकडीचे मोदक, संध्याकाळच्या आरतीला जिन्यापर्यंत चपला. रात्री बदलापूरची आत्या, डोंबिवलीची चुलत भावंडं हॉलमध्येच आडवी झाली. आणि साडेबाराला लीग कप या लीगहून वेगळ्या, हरला की बाहेर अशा स्पर्धेचा सामना होता, ग्रिम्सबी टाउनशी. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या श्रेणीतला क्लब. आपल्याकडे रणजी संघाने गल्लीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धेत उतरावं तसं. मी बघणारही नव्हतो. पण समई तेवत ठेवायला कोणीतरी जागायला हवं होतं, आणि आईने ते काम माझ्यावर सोपवलं. मखराच्या बाजूला भिंतीला टेकलो, कानात इअरफोन, मोबाइल आरतीच्या पुस्तकात.

ग्रिम्सबी हे मासेमारीचं बंदर. त्यांचे चाहते मैदानात फुगवलेले प्लास्टिकचे मासे घेऊन येतात, हॅडॉक नावाचे. धो धो पाऊस, आणि त्या पावसात शेकडो मासे वरखाली होतायत. आमच्याकडे श्रावणापासून मासळी बंद. महिनाभर ज्याचं नाव काढलं नाही, ते बाप्पासमोर मोबाइलमध्ये नाचत होतं. आधी मला गंमत वाटली. बाविसाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. तिसाव्याला दुसरा.

आमचे तेव्हाचे मॅनेजर रुबेन अमोरिम डगआउटमध्ये बसून एका छोट्या पाटीवर सोंगट्या सरकवत होते. कपाळावर पावसाचं पाणी आणि चेहरा असा, जणू सारीपाटात घरदार लावून बसलेत.

हाफटाइमला आई पाण्याला उठली. समईत तेल घातलं, वात सारखी केली आणि माझ्याकडे बघितलं.

"काय झालं? चेहरा का पडलाय?"

"काही नाही. दोन गोलनी मागे आहोत."

"कोणाशी?"

आईशी खोटं बोलवेना, तेही गणपतीसमोर. सांगितलं. तिने थोडा विचार केला. "त्यांचीही पोरंच आहेत ना? एक दिवस जिंकू देत की," म्हणाली आणि माझ्यापुढे वाटीत दोन मोदक ठेवून, वर तूप सोडून गेली.

पंचाहत्तराव्या मिनिटाला एम्ब्युमोचा गोल. एकोणनव्वदाव्या मिनिटाला आमच्या मॅग्वायरचं हेडर. 2-2! माझा मोदक हातातच फुटला, सारण आत्याच्या उशीवर. तेरा वर्षांचा मी पुन्हा वर्तकनगरच्या त्या टीव्हीसमोर बसलो होतो. बघा, म्हटलं होतं की नाही? संपत नसतं! आता इंज्युरी टाइममध्ये तिसरा!

तिसरा आला नाही. निकालासाठी थेट पेनल्टी, दोघांना पाच-पाच. आणि आमच्या गोलकीपरने एक अडवली. पाचवी पेनल्टी कुन्याची, मारली की जिंकलो. मी बाप्पाकडे बघितलं. मागायला संकोच वाटत होता. सकाळी बाबांनी पुनर्विकास मागितलेला ऐकला होता. घरटी दोन चमत्कार म्हणजे अती होतं. तरी मागितलं. कुन्याची पेनल्टी अडवली गेली.

मग ते संपेचना. ते मारत, आम्ही मारू. घालीन लोटांगण झालं की आता संपली म्हणावं, तर कोणीतरी मागून नवी आरती सुरू करतो, तसं. सगळे खेळाडू झाले, दोन्ही गोलकीपरही मारून गेले, पुन्हा पहिल्यापासून फेरी सुरू. डोंबिवलीचा चुलतभाऊ जागा झाला, त्याने पाहिलं, एक इअरफोन काढून घेतला आणि माझ्या शेजारी बसला. त्याला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. विसाव्या पेनल्टीला तो नखं खात होता. सव्विसावी पेनल्टी साडेसहा कोटी पौंडांहून महागड्या एम्ब्युमोची. चेंडू आडव्या दांड्यावर आदळला. 12-11. हॅडॉक हवेत उडाले.

रात्रीचे पावणेतीन वाजले असतील. चुलतभाऊ म्हणाला, "वाईट झालं रे." मी तेल घालता घालता म्हटलं, "तसं बघितलं तर बरंच झालं. लीग कपमधून सुटलो. आता सगळं लक्ष लीगवर." त्याने इअरफोन परत दिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. लोक दुखवट्याला ठेवतात तसा.

सकाळी मोबाइलवर पहिला निरोप चेंदणी कोळीवाड्यातल्या मित्राचा. तो आर्सेनलवाला. "मासळीवाल्यांशी पंगा घ्यायचा नसतो, हे ठाण्यात राहून कळलं नाही तुला?" त्याखाली बोटीचं चित्र. संध्याकाळी कृत्रिम तलावावर विसर्जनाला तो भेटलाच. "पुढच्या वर्षी लवकर या," सगळे म्हणत होते, तो माझ्याकडे बघून म्हणाला, "तुमचं पण तेच ना?"

शनिवारी मुलीला घेऊन सार्वजनिक गणपती बघायला निघालो. रांग लांबलचक, हातात मोबाइल, समोर बर्नली. एकदा पुढे गेलो, त्यांनी बरोबरी केली. पुन्हा पुढे, पुन्हा बरोबरी. नव्वद मिनिटं संपली. मुलगी म्हणाली, "बाबा, संपली ना? पुढे सरक, लोक ओरडतायत." सत्त्याण्णवाव्या मिनिटाला पेनल्टी. फर्नांडिस! सहा दिवसांपूर्वी आभाळात मारणारा तोच. मी डोळे मिटले. गोल. मी एवढ्या जोरात ओरडलो की मागच्या सगळ्या रांगेने "मोरया!" म्हणून साथ दिली.

घरी आलो तर बाबा चष्मा लावून एक गुळगुळीत कागद बघत बसले होते. चौथा बिल्डर. "हा माणूस जरा बरा वाटतोय रे," म्हणाले. "याच्या नकाशात लिफ्ट दोन आहेत."

"आम्ही पण जिंकलो. 3-2."

"कोणाशी?"

"बर्नली."

"मोठी टीम?"

"यंदाच खालून वर आलेत."

बाबांनी कागदाची घडी घातली आणि जपून खिशात ठेवली. "असू दे," म्हणाले. "सुरुवात तर झाली."

आई वाल सोलत होती.