अधिशोषकाने काय सोडावे, हेही महत्त्वाचे

झुरिकच्या ईटीएच संस्थेतील संशोधकांनी चीज बनवताना उरणाऱ्या निवळीतील प्रथिनांचा स्पंज वापरून संगणकाच्या 20 जुन्या मदरबोर्डांतून सुमारे 450 मिलिग्रॅमचा, 22 कॅरटच्या जवळपास शुद्धतेचा सोन्याचा खडा मिळवला, ही माहिती ई-कचऱ्यातून सोने मिळवण्याविषयीच्या आपल्या लेखात उत्तम मांडली आहे. परंतु अधिशोषकाची, म्हणजे द्रावणातील पदार्थ आपल्या पृष्ठभागावर धरून ठेवणाऱ्या अशा स्पंजासारख्या पदार्थाची, खरी कसोटी तो काय सोडून देतो यात आहे. सर्किट बोर्डात सोन्याच्या कित्येक पट तांबे असते. बोर्डातील धातू विरघळवलेल्या आम्लयुक्त द्रावणात क्लोराइडशी बांधलेले सोने ऋणभारित असते, तर तांबे बहुतांशी धनभारित राहते. म्हणूनच आम्लात स्वतः धनभारित होणारे अमिनो गट (नायट्रोजनयुक्त अणुगट) ज्या पदार्थावर आहेत, तो सोन्याला ओढून घेतो आणि तांब्याला फारसा थारा देत नाही.

कोल्हापूरच्या गुजरीसारख्या सराफपेठांत माती धुऊन सोन्याचे कण वेगळे काढणाऱ्या झारेकऱ्यांचे कसब परिचित आहे, हुपरीत चांदीचा मोठा व्यवसाय आहे, आणि साखर कारखान्यांच्या बगॅसपासून (उसाच्या चोथ्यापासून) सक्रिय कार्बन हा अधिशोषक तयार करता येतो. त्यामुळे हा विषय येथे रुजावा असे मला मनापासून वाटते. मात्र सोने काढून घेतल्यानंतरही आम्लात तांबे, निकेल आणि शिसे शिल्लक राहतात, आणि त्यांची विल्हेवाट लेखात आलेलीच नाही. आधीच प्रदूषणाने त्रस्त असलेल्या पंचगंगेच्या खोऱ्यात, असे द्रावण उदासीन करून त्यातील धातू वेगळे काढण्याची सोय आधी उभी राहिल्याशिवाय असे सोने काढणाऱ्या एकाही लहान कारखान्याला परवानगी देऊ नये.