एका कॉइनला सात पॉइंट
माझी भाची बारा वर्षांची. सुट्टीभर खपून तिने रोब्लॉक्समध्ये, म्हणजे स्वतःचे गेम बनवायच्या आणि खेळायच्या प्लॅटफॉर्मवर, एक गेम बनवला. पळायचं, उड्या मारायच्या, कॉइन गोळा करायचे. काल रात्री रडवेली होऊन लॅपटॉप घेऊन आली. "मामा, एक कॉइन घेतला की सात वाढतात. कधी चार. मला नाही येत हे."

अगं, तुझं काहीच चुकलं नव्हतं! तू ज्या व्हिडिओवरून कोड उतरवून घेतलास, तो शिकवणारा चुकला. रोब्लॉक्समधल्या आर-फिफ्टीन प्रकारच्या अवताराच्या, म्हणजे खेळणाऱ्याच्या पात्राच्या, शरीराचे 15 भाग असतात. पाऊल लागलं, एक टच. पोटरी लागली, दुसरा. प्रत्येक भागाला 'टच्ड', म्हणजे स्पर्श झाल्याचा इशारा, वेगळा लागू होतो. त्यात या माणसाने आवाज वाजवा, एक सेकंद थांबा आणि मग कॉइन डिस्ट्रॉय करा, म्हणजे नाहीसा करा, असं सांगितलंय. त्या सेकंदभरात कॉइन जागेवरच, म्हणून पॉइंट वाढवणारं फंक्शन पुन्हा पुन्हा चालतं. कोडमध्ये खूण म्हणून एक व्हेरिएबल ठेवा, पहिल्या टचलाच ते ट्रू (खरं) करा, आधीच ट्रू असेल तर तिथूनच मागे फिरा. यालाच डिबाउन्स म्हणतात. तीन ओळींचं काम! वीस मिनिटं बोलता, सबस्क्राइब करा म्हणून तीनदा सांगता, आणि या तीन ओळी गाळता? संताप होतो नुसता.

दुसरं, 'हिट डॉट पॅरेंट डॉट ह्युमनॉइड' असं डोळे मिटून लिहायला लावलंय. म्हणजे कॉइनला जो भाग लागला, तो ज्याच्या आत आहे (पॅरेंट), त्यात ह्युमनॉइड, म्हणजे कॅरेक्टर चालवणारा घटक, शोधायचा. तिच्या कॅरेक्टरला मांजराच्या कानांची टोपी आहे. उडी मारून घ्यायचा कॉइन आधी टोपीलाच लागणार ना? टोपीचा पॅरेंट कॅरेक्टर नसून ॲक्सेसरी (अंगावरची वस्तू) असतो, त्यात ह्युमनॉइड कुठून येणार? आउटपुटच्या खिडकीत एररच्या लाल ओळींची रांग. आणि पोरगी समजते की आपणच काहीतरी मोडलं.

पण खरं डोकं फिरलं ते पुढचं ऐकून. कॅनकोलाइड (वस्तू इतरांना अडते ती सेटिंग) बंद करा एवढं सांगितलं, अँकर्ड (वस्तू जागेवर खिळवून ठेवणारी सेटिंग) चालू ठेवा हे सांगितलंच नाही. प्ले दाबलं की सगळे कॉइन जमिनीतून आरपार खाली. उंची उणे 500 च्या खाली गेली की रोब्लॉक्स ते पुसूनच टाकतं. तिला वाटलं, आपल्याच हातून डिलीट झाले. म्हणून चाळीसच्या चाळीस कॉइन तिने एकेक करून पुन्हा मांडले. दोनदा.